तांब्याच्या चार चकत्या

भोरात माणसाला चोर ठरवायला फार काही लागत नाही. म्हणणाऱ्याच्या अंगात कोट असावा आणि समोर वेल्ह्याकडचा गडी असावा, बास.

दसऱ्याला बारा दिवस झाले होते. मानसिंगरावांच्या भातगिरणीच्या आवारात तीस-चाळीस शेतकरी पोती उतरवत होते, आणि त्या सगळ्यांच्या देखत कारकून रघुवीरपंतांनी सोनबाला चोर म्हटलं. तेही खड्या आवाजात.

"पुण्याची खेप चार खाचांत व्हायची. आता सहा लागतात! दोन खाचांचं डिझेल कुठं जातं रे सोनबा? शिवऱ्याच्या चक्कीवाल्याला घालतोस?"

लॉरीच्या टाकीत बुडवून तेल मोजायची बांबूची काठी पंतांच्या हातात होती. ती काठी सोनबानंच तासली होती, खाचाही त्यानंच पाडल्या होत्या. माणसाला त्याच्याच काठीनं झोडपायची रीत जुनीच आहे.

सोनबानं लढाईत पाच वर्षं लष्कराच्या लॉऱ्या हाकल्या होत्या, परमुलखात, वाळूत, गोळ्यांखाली. लढाई संपल्यावर लिलावात निघालेली ही डिझेलची लॉरी मानसिंगरावांनी घेतली ती त्याच्या शब्दावर. आता तीच लॉरी कात्रजच्या चढाला दमेकऱ्यासारखी धापा टाकायची आणि बंद पडायची. पुण्याच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, हातही काळा न करता मिटलं आणि निकाल दिला, "पंप गेला. नवा यायला सहा महिने."

मानसिंगराव गिरणीच्या ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "गाडी विकून टाकतो. सोनबा, तू तुझ्या गावाला जा. फौजदाराकडं देत नाही, एवढंच."

एवढंच! त्याची बायको सगुणा वेल्ह्याच्या बाजारात लारीवाल्याची बायको म्हणून मान ताठ ठेवून फिरायची. आता डिझेलचोराची बायको म्हणून फिरायची?

"जातो आबासायब," सोनबा म्हणाला. "पर चोर म्हनून न्हाई जायचा. मला सूपभर तांदळाचं पीठ द्या."

"पीठ?" रघुवीरपंत हसले. "गाडीला नैवेद्य दाखवतोस का?"

"व्हय. तुमचा दावून झाला खंडेनवमीला. आता माझा बगा."

मानसिंगरावांनी मान हलवली. त्यांच्या घरी भांडी घासणारी ठकुबाई तिथंच पोती झाडत होती. ती सूप भरून पीठ घेऊन आली.

सोनबानं बॉनेट उघडलं. टाकीतून तेल ओढून पुढं ढकलणारा छोटा पंप इंजिनाच्या कुशीला होता. त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या नळ्या अन् सांधे त्यानं चिंधीनं कोरडेठाक पुसले, वर पीठ भुरभुरलं आणि इंजिन चालू केलं.

"गाडी हुबी आसंल तर थेंब गळत न्हाई," तो लोकांना म्हणाला. "म्हनून तर म्या चोर. आता चालू गाडीत बगा."

माणसं वाकली. पांढऱ्या पिठावर, पंपाच्या पुढच्या सांध्याशी, हळदीसारखा पिवळा डाग उमटला. बघता बघता पसरला.

"आगायायाया! ही तर पाझरतीया!" उत्रोलीचा कोंडिबा ओरडला.

"ह्यो दाबाचा सांधा. गाडी पळती तवा गळतो अन् भोर ते कात्रज रस्ता डिझेल पितो. रस्त्याला चोर म्हना."

"पण मग गाडी बंद का पडते?" पंत सोडायला तयार नव्हते. "तेल गळलं तरी टाकीत असतं की!"

प्रश्न खरा होता, हे सोनबालाही मान्य करावं लागलं. त्यानं इंजिन बंद केलं. रबराची नळी टाकीच्या तोंडात घातली, भोवती चिंध्या गच्च कोंबल्या आणि छाती भरून फुंकलं. गालाच्या शिरा तटतटल्या. पुन्हा फुंकलं. पंपाच्या अलीकडच्या सांध्यावरचं पीठ आता फुगलं, ओलं झालं, आणि त्यातून डिझेलचा थेंब बाहेर आला.

"ह्यो वढीचा सांधा," तो धापा टाकत म्हणाला. "हितनं गळत न्हाई, हितनं वारा आत जातो. पंपाला तेल वढायचं, तर ह्यो वारा वढतोय. चढाला तेल जादा लागतं, अन् तवाच उपाशी ऱ्हातो. पंप ठणठणीत हाय."

मग त्यानं पाना लावून दोन्ही नट उघडले आणि आत बोट फिरवलं. प्रत्येक नटाला दोन अशा तांब्याच्या पातळ चकत्या असायच्या. चारही नव्हत्या.

सोनबाच्या मनात आलं ते त्याला गोड लागलं नाही. बारा दिवस त्यानं या सांध्यांना हात लावला नव्हता. का? तर आपल्या हातचं काम सैल पडायचंच नाही, हा तोरा. वाळवंटात साहेबानं वाखाणलेला हात!

"हे नट म्या उगडले न्हाईत," तो म्हणाला. "खंडेनवमीला म्या घरी व्हतो. कुनी उगडले?"

रघुवीरपंत काठीच्या खाचा मोजू लागले.

"मी सांगते," ठकुबाई म्हणाली. पोतं खाली टाकून ती पुढं आली. "पुजेला गाडी लखलखाया पायजे म्हनून कारकून सायबांनी नळ्या खोलून दिल्या. म्या चिंच अन् राखेनं घासल्या. परत लावताना म्हनले, ह्या चकत्या फालतू हायेत, फेक. तांबं कसं फेकायचं? म्या देवाच्या तबकात ठिवल्या."

"जा, आण," मानसिंगराव एवढंच बोलले.

चार चकत्या आल्या, हळदीकुंकवासकट. सोनबानं त्या गिरणीच्या चुलीवर लाल तापवल्या, पाण्यात टाकल्या. असं केलं की तांबं मऊ होतं आणि फटीत चपखल बसतं. नट आवळून त्यानं पंपाची हातदांडी मारायला सुरुवात केली. हवा सोडायला सैल केलेल्या वरच्या स्क्रूतून आधी फेस आला, मग बुडबुडे, मग काचेसारखं नितळ तेल. स्क्रू आवळून इंजिन चालू केलं आणि नवीन पीठ टाकलं. ते पांढरंच राहिलं.

"लाग कामाला सोनबा," मानसिंगराव उठत म्हणाले. "झालं गेलं विसर."

"न्हाई आबासायब. पंतांनी माझ्या शेजारी बसून यायचं पुन्याला. काठी घिऊन."

भरल्या पोत्यांची लॉरी निघाली. कात्रजचा घाट तिनं एका दमात, गुरगुरत चढला. माथ्यावर ती आपणहून बंद पडली नाही, सोनबानं थांबवली. पुण्याहून परत आल्यावर, त्याच आवारात, पोती उतरवणाऱ्यांच्या देखत, पंतांनी काठी टाकीत बुडवून उतरलेल्या खाचा मोजल्या.

"चार," ते पुटपुटले.

"पोतीवाल्यांना ऐकू न्हाई आलं, सायब. परवा ज्या आवाजात चोर म्हनला, त्या आवाजात बोला."

रघुवीरपंतांनी मानसिंगरावांकडं बघितलं. मानसिंगरावांनी पोतीवाल्यांकडं बोट दाखवलं.

"चार खाचा!" पंत ओरडले. "सोनबानं चोरी केली नाही. चूक माझी!"

सोनबानं काठी त्यांच्या हातातून घेतली, पुसली, आणि सीटमागं तिच्या जागेवर ठेवली. मग ठकुबाईकडं वळून म्हणाला, "मावशी, म्होरल्या खंडेनवमीला नळ्या तुमीच घासा. नट मातर म्या खोलनार."