पुढचा डावा खूर

"चामडं दे," वालेंती म्हणाला. "आणि आधी ते दार लाव."

मी दार लावलं. बाहेर पागेच्या अंगणात सकाळपासून खरारा चालू होता. एरवी त्या वेळी स्वारांच्या शिव्यांनी भिंती हलायच्या, पण आज शिव्यासुद्धा दबक्या आवाजात चालल्या होत्या. आज कमिटी बसणार होती.

"केवढं हवंय?"

"तळहाताएवढं. पातळ, पण फाटणारं नको."

"कशाला ते सांग, मग देतो."

"तू जिनगर आहेस का पोलीस?" असं म्हणून त्यानं माझ्या टेबलावरचा एक तुकडा उचलला आणि बोटांनी चाचपू लागला. "नालाखाली घालायचंय. सारनाच्या."

वालेंती ग्रुश्का आमच्या रेजिमेंटचा मुख्य नालबंद. मी तिथलाच जिनगर, खोगिरं आणि लगाम दुरुस्त करणारा. त्याची भट्टी आणि माझं वर्कशॉप यांच्यामध्ये एकच भिंत होती, त्यामुळे अकरा वर्षं मी त्याच्या हातोड्याच्या ठोक्यांवर टाके घालत आलो होतो. तो मला सुईवाला म्हणायचा, मी त्याला खिळेमोड्या. याहून जास्त प्रेमानं आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही.

सारना ही कुमेत, काळपट तांबड्या रंगाची घोडी. कागदोपत्री ती सरकारची, दुसऱ्या स्क्वाड्रनची, नंबर दोनशे चौदा. पण एकोणीसशे वीस सालच्या लढाईत वालेंती तापानं फणफणला होता, तेव्हा त्याला तिच्या पाठीवर दोरानं बांधून सोडून दिलं होतं. पलटण एका वाटेनं गेली आणि ही दुसऱ्याच. तिसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला घेऊन आपण होऊन छावणीत आली. त्यानंतर ती कुणाची हे कागदाला विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

"काय झालंय तिला?"

"खूर चिरलाय. पुढचा डावा. वरून खालपर्यंत."

"मग लंगडत असेल."

"चालताना नाही. दुडकी धरली की थोडी." तो टेबलाशी वाकून चामड्यावर खडूनं रेघ मारू लागला. "मी मेण भरलंय, वरून काजळी फासलीय. खाली चामडं दिलं की दगडाचा धक्का बसणार नाही. आजचा दिवस निघाला की झालं. तीन महिने विश्रांती मिळाली तर वरून नवा खूर उतरायला लागतो, क्लिमेक. फक्त तीन महिने."

"ते देणार कोण तुला?"

त्यानं खडूची रेघ पुरी केली.

त्याच हिवाळ्यात वरून हुकूम आला होता. आमची घोडदळाची डिव्हिजन मोडायची. रेजिमेंट राहणार होती, पण एका नव्या ब्रिगेडमध्ये, आणि घोडे कमी करून. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सहा दिवसांची कूच करून नव्या ठाण्यावर जायचं होतं. भोजनगृहाच्या भिंतीवरून डिव्हिजनची पाटी आधीच उतरवली होती. तिथला रंग नवा दिसत होता, तेवढाच.

घोडे निवडणाऱ्या कमिटीची पद्धत आमच्याकडे ठरलेली होती. अंगणात टेबल मांडायचं. टेबलाशी कॅप्टन, कारकून आणि घोड्यांचे डॉक्टर मेजर ब्झोस्का. एकेक घोडा समोरच्या दगडी फरशीवरून पळवायचा. मेजर बघायचे नाहीत. ते डोळे मिटून टापा ऐकायचे. त्यानंतर वालेंती चारी खूर उचलून बघायचा आणि एकच शब्द बोलायचा: 'चालेल' किंवा 'नाही'. तो शब्द कारकून लिहायचा. मेजरांची पाठ धरलेली असायची, त्यामुळे ते खाली वाकायचे नाहीत. आणि वाकायची गरजही नव्हती. वालेंतीनं 'चालेल' म्हटलेला घोडा आजवर एकाही कुचीत रस्त्यात बसला नव्हता.

नाकारलेले घोडे फाटकाबाहेर विकले जायचे. वय झालेले पण धड पायांचे असले तर शेतकरी न्यायचे. फुटक्या खुराचा घोडा नांगराला कोण जोडणार? तो गावातला सॉसेजवाला कापायला न्यायचा. त्याची गाडी त्या दिवशी सकाळपासूनच फाटकाशी उभी होती आणि गाडीवान वर बसून काकडीचं लोणचं खात होता.

मी चामडं कापून दिलं. कड तासून इतकी पातळ केली, की माझी मलाच दिसेना. सारनाला वाचवायचं म्हणून दिलं असं मी नंतर मनाला सांगितलं. खरं म्हणजे वालेंतीचं तोंड बघवत नव्हतं म्हणून दिलं.

दहाच्या सुमाराला दुसरा स्क्वाड्रन आला. रात्री पाऊस होऊन गेला होता, फरशी ओली होती. मी खोगिरं तपासायच्या निमित्तानं टेबलापासून दहा पावलांवर उभा राहिलो. पहिला घोडा, चालेल. दुसरा, चालेल. तिसरा म्हातारा. त्याचे दात बघून मेजरांनीच नकाराची मान हलवली. तो हालुश्को नावाच्या स्वाराचा होता. हालुश्को दलदलीकडचा, चार महिन्यांपूर्वी भरती झालेला. होडी वल्हवल्यासारखा घोड्यावर पुढं-मागं झुलतो म्हणून सगळे त्याची चेष्टा करायचे. आपला घोडा नेताना बघून तो हात लोंबते सोडून उभा राहिला.

मग सारना आली.

ती पळाली. मीसुद्धा डोळे मिटले. टापा एकसारख्या पडत होत्या. निदान मला तसं वाटलं.

"परत," मेजर म्हणाले.

परत पळाली.

"पुढचा डावा. आवाज बसका येतोय."

"दगड ओले आहेत, साहेब," कारकून म्हणाला. त्याला काम उरकायची घाई होती.

"दगड काय एकाच पायाखाली ओले आहेत?" मेजरांनी डोळे उघडले नाहीत. "ग्रुश्का, बघ."

वालेंती पुढं झाला. घोडीचा पाय उचलून गुडघ्यांत धरला. खुरावर त्यानंच डागलेला नंबर होता, दोनशे चौदा. खूर वाढतो तसा नंबर खाली सरकतो, झिजतो, म्हणून दर काही महिन्यांनी तो पुन्हा डागावा लागतो. सारनाचा नंबर दुसऱ्या कुणी कधी डागला नव्हता. तो वाकूनच राहिला. मला त्याची मान तेवढी दिसत होती, आणि ती घामानं ओली झाली होती.

कॅप्टननं घड्याळ बघितलं. "ठीक असणार. त्याचीच घोडी आहे. हालुश्को! तुला घोडा नाही ना? ही घे. हिच्यावरूनच कुचीला जायचं."

हालुश्को धावतच आला. त्याला विश्वासच बसत नव्हता. पागेतली सगळ्यात शहाणी घोडी त्याच्या वाट्याला आली होती. त्यानं खिशातून राईच्या पावाचा वाळका तुकडा काढला, तळहातावर धरला. सारनानं तो अलगद उचलला.

"हवालदारसाहेब," तो वालेंतीला हळूच म्हणाला, "ही पाडत नाही ना? खरं सांगा. मला अजून नीट बसता येत नाही."

"ही कुणालाच पाडत नाही."

"मग झालं," हालुश्को म्हणाला आणि हसला. "उतारावर मला लई भीती वाटते बघा."

माझं सगळं लक्ष वालेंतीच्या ओठांकडे होतं. एक शब्द. तो बोलला की कारकून लिहिणार, सारना पागेत जाणार, सॉसेजवाला हात हलवत परत जाणार. बोल की, मेल्या, मी मनात म्हणत होतो. त्या पोराचा विचार माझ्या मनात आला नव्हता, हे मी आज कबूल करतो.

वालेंतीनं पाय खाली ठेवला. अगदी सावकाश, काच ठेवावी तसा.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?" कॅप्टननं विचारलं. "आत्ता तर पळाली."

"कुचीला टिकायची नाही. तिसऱ्या दिवशी उतारावर बसेल, आणि वरच्याला घेऊन बसेल. खूर वरपासून चिरलाय. मी मेण भरलंय. नालाखाली चामडं आहे."

मेजरांनी आता डोळे उघडले होते.

"चामडं कुठून आलं?" कॅप्टननं विचारलं.

माझ्या हातात खोगीर आवळायचा एक तंग होता. तो मी इतका घट्ट धरला, की बकल हातात रुतलं.

"जिनगरखान्यातून मी उचललं," वालेंती म्हणाला. "त्याला माहीत नाही."

मी एक पाऊल पुढं टाकायला हवं होतं. दहाच पावलं होती. मला दोन मुली होत्या, नव्या ब्रिगेडच्या यादीत नाव लागलेलं होतं, आणि मी गप्प उभा राहिलो. तंग खाली ठेवला, पुन्हा उचलला, बकल तपासल्यासारखं केलं. आयुष्यात मी पुष्कळ वाईट शिवण घातली असेल, पण त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नाही.

कॅप्टननं कारकुनाला सांगितलं, "ग्रुश्काचं नाव ब्रिगेडच्या यादीतून काढ." कारकुनानं काढलं.

मेजर ब्झोस्का काठीवर हात ठेवून उठले. "अकरा वर्षं," ते म्हणाले, "तुझ्या शब्दावर मी एकदाही खाली वाकलो नाही."

"हो, साहेब."

"आता वाकावं लागेल."

आणि ते खरंच वाकले. पुढच्या घोड्यापाशी गेले, काठी कारकुनाकडे दिली, एक हात कमरेवर ठेवून कण्हत खाली वाकले आणि पहिला खूर उचलला. मग दुसरा. अजून सत्तर घोडे बाकी होते. वालेंती बाजूला उभा राहून बघत होता. नाव काढलं तेव्हा त्याचा चेहरा हलला नव्हता, तो आता हलला.

नाकारलेल्या घोड्याचे नाल काढून घ्यायचे असतात, ते सरकारी असतात. खुरावरच्या नंबरावर लोखंड तापवून फुली डागायची असते. मदतनीस पक्कड घेऊन पुढं आला, तेव्हा वालेंतीनं त्याच्या हातातून ती काढून घेतली.

"मीच करतो," तो म्हणाला. "दुसऱ्याकडून ती पाय देत नाही."

हे काही खरं नव्हतं. सारना कुणालाही पाय द्यायची.

त्यानं तिला भट्टीपाशी आणलं. मी भिंतीच्या अलीकडून ऐकत होतो. एकेक खिळा निघत होता, आणि तो तिला काहीतरी पुटपुटत होता, बाजारभावाबद्दल, पावसाबद्दल, रोज बोलायचा तसंच. मग केस जळल्यासारखा तो वास आला. बाहेर सॉसेजवाल्यानं आपला पट्टा आणला, आणि हालुश्कोनं न सांगताच तो हातात घेतला. तो तिला फाटकापर्यंत नेऊन आला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याला बिचाऱ्याला वाटत होतं की आपल्यामुळेच झालं.

थोड्या वेळानं वालेंती माझ्याकडे आला. दार त्यानं उघडंच ठेवलं. चामड्याचा तुकडा त्यानं माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर खुराचा अर्धा गोल उमटला होता.

"सरकारी आहे," तो म्हणाला. "ठेव."

"वालेंती, मी बोलायला हवं होतं."

"दोघांनी घरी बसून काय करायचं होतं?"

तो फाटकाकडे पाठ करून उभा होता. दारातून अंगण दिसत होतं. मेजर अजून वाकलेलेच होते. त्यांच्या पलीकडे फाटक, आणि फाटकापासून गावात उतरणारा दगडी रस्ता पूर्ण रिकामा.

"गेली का?" त्यानं विचारलं.

"केव्हाच."

"टापा ऐकू आल्या नाहीत."

"नाल तूच काढलेस ना," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला, आणि भिंतीपलीकडे जाऊन त्यानं भात्याची दोरी ओढली.