गुरुवारचा शर्ट

ओजिमाच्या त्या सरकारी वसाहतीत कोण काय टाकतं, हे सुमनला तोंडपाठ होतं. तिचा पंखा, चहाचं टेबल, इस्त्री, सगळं मोठा कचरा टाकायच्या दिवशी उचललेलं. नवरा, नरेंद्र, म्हणायचा, "तू जपान रिकामा करूनच परत निघणार."

शहाण्णवच्या एका गुरुवारी तिने चामड्याची बॅग उचलली. पितळी कड्या, शिवण शाबूत. घरी उघडली तर आत एकच पुरुषी शर्ट, कडक इस्त्रीचा, आणि एका कॉलेजातल्या पोराचा फोटो.

हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. आयुष्य अर्जेंटिनात काढून जपानला परतलेल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या हिगा आजी दर गुरुवारी दुपारी डोक्याला पांढरा रुमाल बांधत, छातीवर याच पोराचा फोटो लावत आणि घसरगुंडीभोवती अर्धा तास फेऱ्या घालत. काहीतरी नवस असणार, असं सुमनने परस्पर ठरवून टाकलं होतं.

ती बॅग घेऊन वर गेली. दार आजींच्या मुलीने, नोर्माने उघडलं. ती आणि सुमन एकाच कारखान्यात जेवणाचे डबे भरायच्या.

"मीच टाकली," नोर्मा मोडक्या जपानीत म्हणाली. "अर्जेंटिनात लष्कराचं राज्य होतं तेव्हा शिपाई भावाला घरातून घेऊन गेले. एकोणीस वर्षं झाली. राज्य गेलं, हा आला नाही. आई अजून त्याच्या शर्टाला इस्त्री करते. मला बघवत नाही, सुमन-सान. घेऊन जा."

खाली आजींच्या फेऱ्या चालू होत्या. बॅग दिसताच त्या थबकल्या. शर्ट काढून त्यांनी कॉलर निरखली.

"घडी मोडलीस."

"मोडली खरी. पण आजी, इथे एकट्याच कशाला चालता?"

"तिकडे बायका असाच रुमाल बांधून चौकात चालतात, गुरुवारीच, साडेतीनला. सगळ्यांची मुलं अशीच नेलेली. तिकडे अजून उजाडायचंय. मी सुरुवात करून ठेवते."

सुमनने शर्ट त्यांच्या हातून घेतला. मग म्हणाली, "शर्ट माझ्याकडे राहू दे. तुम्ही येत जा. इस्त्री आहे. कचऱ्यातलीच, पण तापते चांगली."

तिसऱ्या गुरुवारी आजी सुमनच्या घरी इस्त्री करत असताना बेल वाजली. दारात नोर्मा, डोक्यावर कारखान्याची टोपी तशीच. सुमनने थाप तयार ठेवली होती.

"हल्ली आईच्या बोटांना इस्त्रीचा वास येतो," नोर्मा म्हणाली. चपला काढून ती आत आली आणि इस्त्रीसाठी आईपुढे हात केला.

"सरक. त्याला बाह्यांवर रेघ आवडायची नाही."