शब्दांना रक्त पोचवणारी

मी बोलतेय. तुम्ही मला पाहिलेलं नाही, आणि जिच्या डोक्यात मी राहते तिनंही नाही. मी मेंदूतली एक रक्तवाहिनी, शिवणाच्या जाड दोऱ्याएवढी. डाव्या कानाच्या वर, थोडं आत माझं घर. माणसाला शब्द सुचतात त्या भागाला रक्त पोचवायचं, हे माझं काम. तिला जे ऐकू येतं, ते मलाही ऐकू येतं.

माझी बाई बसस्थानकावर घोषणा करायची. काचेची छोटी खोली, समोर माईक, शेजारी वेळापत्रकांचं बाड. सव्वीस वर्षं तिनं गाड्या सोडल्या. घरी आल्यावरही तोंडाला विश्रांती नसे. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा. "हं" आणि "असं होय" एवढ्यावर त्याचा अख्खा दिवस निघायचा.

तिच्या रक्ताचा दाब वाढला, तेव्हा पहिला मार मला बसला. आतलं अस्तर खरखरीत झालं, लवचीकपणा गेला. डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली.

"गोळी घेतलीस?" नवरा विचारायचा.

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणायची, आणि दुसराच विषय काढायची.

एका सकाळी, ऐन गर्दीत, मानेतल्या मोठ्या वाहिनीतून रक्ताची गुठळी सुटली आणि माझ्या तोंडाशी येऊन अडकली. बाई माईकवर म्हणाली, "गाडी क्रमांक... पाणी... खुर्ची सुटेल." फलाटावर दोघं-तिघं हसले. तिकीट खिडकीवरचा कारकून मात्र धावत आला. तिचं तोंड एका बाजूला झुकलं होतं.

"बाई, दोन्ही हात वर करा बघू."

डावा वर गेला. उजवा मांडीवरच राहिला. कारकुनानं घड्याळ पाहून वेळ तळहातावर लिहून घेतली आणि रुग्णवाहिका बोलावली. दवाखान्यात पहिला प्रश्न वेळेचाच झाला; त्रास कधी सुरू झाला, त्यावरच उपचार ठरतो. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

मांडीतून एक बारीक तार आत शिरली आणि थेट माझ्यापर्यंत आली. गुठळी ओढून काढली गेली, रक्त परत आलं. बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला सांगितलं, रस्ता मोकळा झाला. त्याला वाटलं, सुटलो.

पण मी सुटले नव्हते. इतका वेळ रक्ताविना काढल्यानं माझी भिंत गळकी झाली होती. एरवी मेंदूत काय सोडायचं आणि काय नाही, हे आम्ही डोळ्यांत तेल घालून बघतो. आता पाणी पाझरू लागलं, नको ते आत शिरू लागलं. मेंदूतल्या रक्षक पेशी मेलेलं उचलायला धावल्या, पण त्या एकदा खवळल्या की आपलं-परकं बघत नाहीत. जखमी शेजाऱ्यांनाही त्यांनी झोडपलं. सूज चढत गेली. तिसऱ्या दिवशी बाई हाकेला डोळे उघडेना.

"गुठळी तर निघाली म्हणालात," नवरा डॉक्टरांना म्हणाला.

"निघाली. पण बारीक नळ्या दुखावल्यात, त्या पाझरताहेत. म्हणून मेंदूला सूज आलीय. औषध चालू आहे. तरी वाढली, तर कवटीचा तुकडा काढून जागा करून द्यावी लागेल. दोन दिवस बघू."

"मी काय करू?"

"बोला त्यांच्याशी."

त्यानं खुर्ची ओढली. बराच वेळ नुसता खाकरत राहिला. मग काचांविषयी बोलू लागला. जाड काच कशी घासायची, कुठं हात आवरायचा. दुकानातलं संपल्यावर म्हणाला, "आपण पहिल्यांदा भेटलो, तेव्हा तू एकटीच तासभर बोललीस. मला वाटलं, चला, आता आपल्याला काही बोलायला नको." दोन दिवस तो असा बोलत राहिला, आवाज बसेपर्यंत. त्यानं सूज उतरली असं मी म्हणणार नाही. औषध होतं, आमची आमची डागडुजी होती. पण ते ऐकत राहावंसं वाटत होतं, हे खरं.

पाचव्या दिवशी सूज ओसरू लागली. कवटीला हात लावावा लागला नाही. बाईनं डोळे उघडले, शब्द मात्र आले नाहीत. पुढं दीड महिना वाचा-उपचार करणारी मुलगी चित्रं दाखवायची. चमच्याला बाई 'कंगवा' म्हणायची. चुकलं हे तिला कळायचं, म्हणून रडायची. नवरा शेजारी बसून एकसारखा बडबडायचा, धीर देत. एक दिवस ती त्याच्याकडे वळली.

"अहो... जरा... गप्प बसा."

तो गप्प बसला आणि रुमाल शोधू लागला.

मी पूर्वीची राहिले नाही. माझा एक फाटा कायमचा बंद आहे. शेजारणींनी थोडा भार उचललाय. गोळी ती आता कुणी न विचारता घेते. तुमच्याही डोक्यात माझ्यासारख्या कितीतरी जणी राबताहेत, आणि आम्हाला ओरडता येत नाही. दाब मोजून घेत जा. आमची खुशाली कळायची ती एक सोय आहे.

माईक दुसऱ्या कुणाकडे गेला. बाई त्याच स्थानकावर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसते. परवा एक वयस्कर गृहस्थ घाबरेघुबरे होऊन आले.

"माझं ते... काय म्हणतात... काळं, लांब..."

मागची रांग चुळबुळ करू लागली. छत्री कोपऱ्यातच होती. पूर्वीची बाई असती, तर तिनं शब्द त्यांच्या तोंडातून ओढून घेतला असता. आता ती थांबली.

"सावकाश... सांगा. मला घाई... नाही."

ते वाक्य पुरं व्हावं म्हणून मी जीव तोडून रक्त पोचवत होते.

"छत्री," ते म्हणाले.

येते मी. खिडकीसमोर अजून चौघं उभे आहेत.