सात सेलांची बॅटरी आणि एक जुनी रीत

नंदुरबारच्या मिरचीबाजारात मांगीलालशेठची अडत होती, आणि त्या अडतीच्या कोपऱ्यात पोत्यांना टेकून एक टेबल होतं. टेबल त्यांच्या मुलाचं, अमृतलालचं. सुरतेला इंटर सायन्सपर्यंत शिकून हा मुलगा परत आला, तो मिरची सोडून बाकी सगळ्यात रस घेऊन. लोकांचे बंद पडलेले रेडिओ तो उघडायचा, त्यातलं काही काढायचा, काही घालायचा, आणि रेडिओ बोलू लागायचे. मांगीलालशेठना हे विद्येचं लक्षण वाटत नव्हतं. वस्तू बिघडली की माणसानं नवी घ्यावी, हा त्यांचा धर्म. दुरुस्ती म्हणजे दुसऱ्या दुकानदाराच्या पोटावर पाय. शिवाय तारांना कथलाचा डाग देताना निघणारा धूर मिरचीच्या खकाण्यात मिसळला की गिऱ्हाईक एकाच वेळी शिंकायचं आणि खोकायचं, आणि भाव ठरता ठरता राहायचा.

सदुसष्ट साल उजाडायच्या आधी, दिवाळी झाल्यावर, शेठनी मुलाला मुदत दिली. ती आखाजीपर्यंतची, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतची. आखाजीला आमच्याकडे सालदार बदलतात; मुलगा बदलायलाही तोच दिवस बरा, असं त्यांना वाटलं असावं.

"माझ्या एका तरी शेतकऱ्यानं या गादीसमोर उभं राहून, चार माणसांत, तुझ्या कामाला चांगलं म्हणावं," शेठ म्हणाले. "म्हटलं, तर टेबल राहील. नाही तर तू पथारीवर. मिरच्या वाळवायला."

"आणि थोडं चांगलं म्हटलं तर?"

"शेतकरी थोडं चांगलं म्हणत नाही. तो एक तर शिव्या देतो, नाही तर गप्प बसतो."

गप्प न बसणारा एक शेतकरी शेठच्या गिऱ्हाइकांत होता. तापीकाठचे हिंमतराव. केळी, कापूस, थोडी मिरची, आणि पाच सेलांची बॅटरी.

टॉर्चला आमच्याकडे बॅटरी म्हणतात, आणि त्या काळात माणूस किती सेलांचा आहे यावर त्याची जागा ठरत असे. मास्तर आणि तलाठी दोन सेलांचे. बरा शेतकरी तीन सेलांचा. रस्ता पाहायला बॅटरी कोणी वापरत नव्हतं. रस्ता सगळ्यांना पाठ असतो. बॅटरी असायची ती समोरून येणाऱ्याच्या तोंडावर मारायला आणि "कोन शे रे?" म्हणून विचारायला. येणारा कोण, हे चालीवरून आधीच कळलेलं असे. ज्याचे सेल कमी, त्यानं आधी नाव सांगायचं, एवढाच त्यातला मतलब.

हिंमतरावांची अडचण नदीपलीकडे होती. पलीकडच्या गावचे रतिलाल त्यांचे होणारे व्याही; हिंमतरावांची रंजना त्यांच्या चुनीलालला दिलेली. साखरपुडा झाल्या झाल्या रतिलालनीही पाच सेलांची बॅटरी आणली. तेव्हापासून रोज दिवेलागणीला दोघे व्याही आपापल्या काठावर उभे राहून एकमेकांवर उजेड मारत. दोन्ही झोत मधेच, पाण्यावर, विझून जात. दोन घरांत एवढा जिव्हाळा पंचक्रोशीत नव्हता.

"अमृत," हिंमतराव टेबलावर बॅटरी ठेवत म्हणाले, "मन्हा उजेड त्यान्या भितवर पडाले पाहिजे."

"आता कुठं पडतो, काका?"

"नदीमा. मासा देखतस."

अमृतलालनं काम घेतलं. बॅटरीला मागून पत्र्याची नळी जोडून तिच्यात आणखी दोन सेल बसवले आणि पुढं मोटारसायकलचा सहा व्होल्टचा बल्ब घातला. हिंमतरावांनी खटका दाबला. अडतीतल्या मिरच्या, मांगीलालशेठ, शेठच्या डोक्यावरची लक्ष्मीची तसबीर, सगळं क्षणभर चुन्यासारखं पांढरं झालं, आणि बल्ब काळा पडला. दुसरा घातला. त्यानंही तेवढाच संसार केला.

"भारी शे," हिंमतराव म्हणाले. "पन आठवडाना बजारले पुराव नही."

मग अमृतलाल सुरतेला जाऊन भंगारबाजारातून दोनचार शेंगदाण्याएवढ्या वस्तू घेऊन आला आणि साबणाच्या डबीत त्यांची मांडणी करून ती डबी त्यानं बॅटरीच्या बुडाशी बसवली. हिंमतरावांना त्यानं पाटाचा दाखला दिला. नव्या सेलांचा दाब म्हणजे धरण भरल्यावर पाटाला आलेलं पाणी. त्यानं वाफा फुटतो. ही डबी म्हणजे पाटातली फळी. बल्बाला सोसेल तेवढंच पाणी सोडते. सेल नवे असोत की जुने, उजेड तेवढाच.

इथवर थांबला असता तर बरं झालं असतं. पण पिवळा उजेड अमृतलालला बघवत नसे. मरणाऱ्या सेलांचा तो तांबूस, आजारी उजेड त्याला खोटा वाटे. म्हणून त्यानं डबीत आणखी एक खटका घातला. सेलांत पुरेसा जोर उरला नाही की तो आपोआप पडायचा आणि बॅटरी बंद व्हायची. उजेड द्यायचा तर पुरा, नाही तर नाहीच.

"दर पंधरवड्याला सेल बदला, काका," त्यानं बजावलं. "पिवळी पडायची वाट पाहू नका. ही पिवळी पडणारच नाही."

यातलं शेवटचं वाक्य तेवढं हिंमतराव गावी घेऊन गेले.

आता एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सेल संपले हे आमच्याकडे सगळ्यांना एकाच प्रकारे कळतं: उजेड पिवळा पडला की. मग घरातल्या बाया सेल काढून पत्र्यावर, पापडांच्या शेजारी, उन्हात घालतात. दोन दिवस ते पुन्हा बरे चालतात. मग पुन्हा ऊन. हिंमतरावांची बॅटरी महिना झाला तरी पांढरी फेक. रोज दिवेलागणीला रतिलालच्या भिंतीवर ताटाएवढं चांदणं. पिवळेपणा नाही, म्हणजे सेल झिजत नाहीत. सेल झिजत नाहीत, म्हणजे ती डबीच आत नवे सेल तयार करते. चार इयत्ता शिकलेल्या माणसाला याच्यापुढं तर्कशास्त्र लागत नाही.

"सेल खातच नही हाई," ते ओट्यावर सांगू लागले.

"मंग तीच डबी इहीरवर लावा," त्यांच्या पत्नी तापीबाई घरातून म्हणाल्या. "पानी बी सराव नही."

माघात रंजनाचं लग्न निघालं. वरात पलीकडून होड्यांनी येणार, गोरजाला काठावर उतरणार. अशा वेळी शहाद्याहून गॅसबत्त्या मागवायच्या आणि बायांच्या डोक्यावर देऊन वरात घरी आणायची, ही पद्धत. बारा बत्त्या गाडीतून आल्याही. हिंमतरावांनी गाडी वेशीवरूनच परत फिरवली.

"एकली मन्ही बॅटरी बारा बत्त्यासले भारी शे."

"नवा सेल तरी घाला," तापीबाई म्हणाल्या. "पोरनं लगीन शे, मासा देखाना नही."

"नवा सेल टाका म्हंजे मशीनवर इस्वास नही असा अर्थ व्हस."

दिवस मावळला, होड्या नदीच्या मध्यावर आल्या, आणि हिंमतरावांनी खटका दाबला. उजेड असा पडला की वाजंत्री वाजवायचे विसरले. पहिल्या होडीत उभे असलेले रतिलाल डोळ्यांवर हात धरून मागे सरले. काठावरच्या बायकांनी पदर पुढं ओढले. चुनीलालच्या फेट्याचा एकेक पदर मोजता येत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आपण पाहिले जात आहोत याचा जो आनंद होता तोही मोजता येत होता. होडी काठाला लागली. फळी टाकली. नवरदेवानं फळीवर एक पाय ठेवला, दुसरा उचलला.

खट्.

एवढ्या उजेडानंतर जो अंधार होतो तो साधा नसतो. त्यात फक्त आवाज ऐकू आले. फळी उलटल्याचा. मग चिखलाचा. मग नवरदेवाचा, जो लग्नात कोणी उच्चारू नये अशा शब्दांत होता.

"हिंमतराव," रतिलालचा आवाज आला. "काय व्हयनं?"

हिंमतराव खटका दाबत होते. दोनदा दाबला. तिसऱ्यांदा दाबला नाही.

"काही नही," ते म्हणाले. "मीच बंद करी. आमनामा रीत शे. नवरदेव पानीमाईन पाय काढस तव्हय उजेड धरतस नही."

"कधीपाइन?"

"जुनी शे."

"आनि हाऊ चिखल?"

"चिखल लागाले पाहिजे. शुभ शे."

रीत जुनी आहे म्हटलं की ती कोणाला तरी आठवतेच. वरातीतल्या एका म्हाताऱ्यानं लगेच अंधारातून सांगितलं की त्याच्या लग्नातही असंच झालं होतं. त्याच्या लग्नात मुळात उजेडच नव्हता, तेव्हा ते खरंही असेल. कंबरेपर्यंत चिखलानं भरलेल्या नवरदेवाला हाताला धरून वर घेतलं, चुलीजवळचे दोन कंदील आले, आणि अक्षता पडल्या.

फाल्गुनात त्या काठाला आणखी दोन वराती उतरल्या. दोन्ही वेळी नवरदेवानं पाय उचलताच बायांनी बत्त्यांवर घोंगड्या टाकल्या. एका नवरदेवाचा बूट तापीला मिळाला. दुसऱ्याचा मामा शंभर हात वाहत गेला आणि नावाड्यांनी त्याला आणलं, तेव्हा सगळ्यांनी त्याला नमस्कार केला. भटजींनी या विधीची वेगळी दक्षिणा लावली. महिन्यापूर्वी खिजगणतीत नसलेली गोष्ट आता न करणारा कुळाला बट्टा लावणारा ठरू लागला.

आखाजीला आठ दिवस उरले असताना हिंमतराव मिरचीची गाडी घेऊन अडतीत आले. बगलेत बॅटरी होती. तापीकाठचे आणखी पाचसहा शेतकरी आधीच बसलेले होते. हिंमतराव गादीसमोर उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले,

"शेठ, तुन्हा पोऱ्यानी मशीन पहिला नंबर शे. जवाई रुसेल शे. त्याले अशीच एक पाहिजे."

चार नव्हे, सात माणसं ऐकत होती. मांगीलालशेठनी मुलाकडं पाहिलं आणि मान हलवली. तोंडून निघाला असता तर त्या मानेचा अर्थ 'टेबल राहिलं' असा झाला असता. अमृतलालला तो कळलाही. आता फक्त काहीही न बोलता उभं राहायचं होतं.

"बघू काका, नीट चालते ना," तो म्हणाला आणि बॅटरी हातात घेतली.

"राहू दे रे. चालस."

अमृतलालनं खटका दाबला. काही झालं नाही. त्यानं बूड उघडलं. सेल फुगून नळीला चिकटले होते आणि त्यांतून पांढरा चिकट रस आला होता. एकेक ठोकून बाहेर काढताना त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरत गेलं ते दुःख नव्हतं.

"अमृत," शेठ म्हणाले, "चहा सांग."

"हे मी दिलेलेच सेल आहेत, काका. तुम्ही एकदाही बदलले नाहीत."

"अमृत. चहा."

"मग लग्नात तुम्ही बंद केलीच नव्हती," तो म्हणाला. "हिनं बंद केली. सेल मेले, आणि ही खट् करून पडली. अगदी वेळेवर. मशीननं नेमकं काम केलं, काका."

मग मागं पोत्यावर बसलेले शांतीलाल, ज्यांच्या पुतण्याची वरात फाल्गुनात उतरली होती, सावकाश म्हणाले,

"मंग आमना मामा फुकट बुडना का?"

हिंमतरावांनी बॅटरी परत घेतली, सेल टेबलावरच राहू दिले.

"जी मशीन मालकले चार मानूसमा पाडस," ते म्हणाले, "ती घरमा ठेवानी नही." आणि शेठकडं वळून, शांतपणे: "मन्ही गाडी समोरन्या अडतले लावस."

शांतीलाल उठले. बाकीचेही उठले. रीत खोटी ठरवणाऱ्या दुकानात मिरची टाकणं कोणाला बरं वाटलं नाही. अर्ध्या तासात सहा गाड्या रस्ता ओलांडून गेल्या. रस्ता फार रुंद नव्हता.

शेठनी मुलाला गादीवर समोर बसवलं.

"तू जिंकला होतास," शेठ म्हणाले. "तेव्हा तोंड का उघडलंस?"

"ते चुकीच्या कारणासाठी चांगलं म्हणत होते, बापूजी."

"चांगलं म्हणायला कारण लागतं, हे तुला सुरतेला शिकवलं?"

"मशीन बरोबर होतं."

"मशीन बरोबर होतं म्हणूनच सहा गाड्या गेल्या. चुकलं असतं तर मी माफी मागितली असती, तुझ्या कानाखाली दिली असती, गाड्या राहिल्या असत्या. बरोबर असल्याची माफी कशी मागायची?"

अमृतलाल उठला आणि टेबलावरची अवजारं पिशवीत भरू लागला. "उद्यापासून पथारीवर जातो."

"पथारीवर?" शेठ म्हणाले. "तुला? गिऱ्हाईक विचारील, मिरची वाळली का, आणि तू सांगशील की आतून ओली आहे. नको. राहिलेल्या गाड्या मला हव्या आहेत."

"मग?"

शेठनी बराच विचार केला. विचार करताना ते नेहमी मिरचीचं देठ मोडत. त्या दिवशी त्यांनी सात मोडले.

"विसरवाडीला हमरस्त्यावर आपल्या ओळखीच्या माणसाची खोली आहे," ते म्हणाले. "टेबल बसवर टाकून घेऊन जा. ट्रक थांबतात तिथं. कोंडाईबारीच्या घाटात ज्याचा दिवा गेला, तो खाली येऊन रीत सांगत बसत नाही. का गेला, तेवढंच विचारतो."

"आणि मी काय सांगू?"

"खरं सांग," मांगीलालशेठ म्हणाले. "ट्रकवाले दुसऱ्या दिवशी गावात नसतात."