तक्त्याची खालची ओळ

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याचा शेवटचा रविवार हा सोडवणुकीचा रविवार असतो. ज्याचे ओझे देवाने उचलले, त्याने त्या ओझ्याची खूण पुढच्या मेजावर आणून ठेवायची आणि चार शब्दांत साक्ष द्यायची, असा रिवाज आहे. चार शब्दांत आजवर कुणाचे भागलेले नाही. एकाने सिगारेटचे पाकीट ठेवले. ते रिकामे आहे हे शेवटच्या बाकावरूनही कळत होते. एका आजीबाईंनी काठी ठेवली, टाळ्या घेतल्या आणि बाहेरच्या तिसऱ्या पायरीवर आपटल्या. सोमवारी त्यांची सून मागच्या दाराने येऊन काठी गुपचूप परत घेऊन गेली. त्याची साक्ष कुणी दिली नाही.

या वेळी माझ्या गोळ्यांचा नंबर होता. पाळकसाहेबांनी माझे नाव मला न विचारताच जाहीर केले होते.

मी चष्मे करतो. डोळे तपासतो, काचा घासतो, फ्रेमचे स्क्रू आवळतो. वीस वर्षे काच घासता घासता मी देवाशी बोलत आलो. मोठे काही नाही, गिऱ्हाइकांच्या चुगल्याच जास्त. तो ऐकतो असे वाटायचे आणि तेवढ्यावर माझे बरे चालले होते. आठ महिन्यांपूर्वी ते थांबले. भांडण नाही, कुणी गेले-बिले नाही. समोरच्या घरातले भाडेकरू न सांगता निघून जावेत आणि खिडकीला पडदा नाही हे आपल्याला चार दिवसांनी दिसावे, तसे झाले. त्याच्या पाठोपाठ बाकीचेही गेले. एका सकाळी मी एक मोजा घालून पलंगाच्या कडेला बसलो, आणि दुसरा घालायला मला पाऊण तास लागला. रडूही येत नव्हते. रडणाऱ्याला निदान काहीतरी येत असते.

बायकोने मला डॉक्टरीणबाईंकडे नेले. याला नैराश्य म्हणतात, असे सांगून त्यांनी गोळ्या दिल्या. दोन महिन्यांत गोळ्यांनी देव परत आणला नाही, पण मोजे दोन्ही पायांत जाऊ लागले. त्याबद्दल आभार मानावेसे वाटले, तर मानायला समोर कुणी नव्हते. तरी रोज दुकानाचे शटर उघडताना आणि ओढताना मी प्रभूची प्रार्थना म्हणत होतो. सवय म्हणा, हट्ट म्हणा. ज्याने जाताना निरोप घेतला नाही, त्याला मी आपण होऊन का निरोप द्यावा?

मंडळीला हे कळले आणि सल्ल्यांचा पूर आला. उचलली जीभ लावली टाळ्याला. पाळकसाहेब म्हणाले, एखादे गुप्त पाप असेल, आठवून बघा. मी मन लावून आठवले. जी आठवली ती फारच किरकोळ निघाली, आणि त्यांतली निम्मी त्यांच्याविषयी मनात आलेल्या विचारांची होती. गायनमंडळातल्या बाई म्हणाल्या, नुसते हसत राहा. दात दाखवून देव येत असता, तर तो दातांच्या डॉक्टरकडेच मुक्कामाला राहिला असता.

या सगळ्यांवर कडी म्हणजे आमेनकाका. हे शाळेची बस चालवतात आणि मंडळीच्या कमिटीवर आहेत. पाळकसाहेबांचे वाक्य संपायच्या आत यांचे आमेन येऊन उभे असते. त्यांची बस कधी इतकी वेळेवर आलेली नाही. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी सोडवणुकीच्या रविवारी आपला चष्मा मेजावर ठेवला. देवाने दृष्टी दिली, आता काचेची गरज नाही, अशी साक्ष. केवढा जल्लोष झाला. चष्मा मी केलेला होता, चांगली हलकी फ्रेम. तेव्हापासून तो तिथेच एका काचेच्या बशीत सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला आहे.

त्यानंतर आमेनकाका दर मंगळवारी दुपारी माझ्या दुकानात येऊ लागले. बसायचे नाहीत. थेट समोरच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहायचे आणि अर्धा अर्धा तास मला विश्वास शिकवायचे. तुला देव दिसत नाही कारण तू बघत नाहीस, हे पालुपद. मी काच घासत 'हो काका' म्हणायचो. नाकाने कांदे सोलणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, पण इतक्या नेमाने माझ्या दारी येऊन सोलणारे हेच. तरी एक कबूल करतो. मंगळवारी कुणीतरी आपल्यासाठी येते, याचे मला थोडे बरे वाटायचे.

सोडवणुकीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, बायकोने तोडगा काढला. मेजावर रिकामी स्ट्रिप ठेवा आणि गोळ्या घरी घेत जा.

मी म्हटले, "देवाला कळेल."

"देवाला कळू दे," ती म्हणाली. "त्या कमिटीला कळायला नको."

एवढे बोलून ती दुकानाच्या भिंती पुसायला लागली. तिला माझी काळजी वाटली की ती काहीतरी पुसते. या आठ महिन्यांत आमचे दुकान लखलखीत झाले होते.

दुपारी आमेनकाका कागद घेऊन आले. बसच्या मालकाला दरवर्षी ड्रायव्हरच्या डोळ्यांचा दाखला लागतो आणि तो माझ्या सही-शिक्क्याने जातो. बसमध्ये चाळीस पोरे असतात. माझ्या मेहुणीची मुलगी त्यांच्या मागच्याच सीटवर बसते. काका म्हणाले, तपासायचे काय त्यात, मंडळीपुढे साक्ष दिली आहे. मी म्हटले, साक्षीवर शिक्का मारता येत नाही, खुर्चीत बसा.

ते बसले. तळहाताने डावा डोळा झाकला आणि समोरच्या भिंतीवरचा आकड्यांचा तक्ता वाचायला सुरुवात केली. मी तक्त्याकडे पाहत नव्हतो. वीस वर्षांत तो मला तोंडपाठ झाला आहे. मी नुसता ऐकत होतो. मोठे आकडे, मधले आकडे, बारीक आकडे. कुठे अडखळणे नाही. सगळ्यात खालची ओळ तर त्यांनी गाणे म्हणावे तशी म्हटली, "पाच, दोन, सात, तीन, नऊ." मग डोळा बदलून पुन्हा तेच.

सगळे बरोबर होते. म्हणजे खरेच झाले होते. देव आला होता, आणि आला तो या भोंग्याच्या डोळ्यांत. मी रोज दोनदा शटरपाशी उभा राहतो, माझ्याकडे त्याने ढुंकून पाहिले नाही. मला इतका हेवा वाटला की शिक्का मी शाईच्या गादीवर दाणकन आपटला. आणि तसाच, रागाने, मी वर तक्त्याकडे पाहिले.

खालच्या ओळीत आठ, चार, सहा, दोन, पाच होते.

आमचा तक्ता दोन्ही बाजूंनी छापलेला आहे. बायकोने पुसून टांगताना तो उलटा टांगला होता. मी सकाळपासून त्याच्यासमोर बसलो होतो आणि मलाही ते दिसले नव्हते.

मी काकांना खालची ओळ पुन्हा वाचायला सांगितली. पाच, दोन, सात, तीन, नऊ. मी म्हटले, तक्ता दुसऱ्या बाजूने आहे. काकांनी हात खाली घेतला. आणि मला एकेक करून सगळे मंगळवार आठवले. समोरच्या भिंतीपाशी उभे राहणे. बोलता बोलता नाक तक्त्याला लागेल इतके जवळ जाणे. माझ्या आत्म्यासाठी नव्हते ते. हा माणूस माझ्या दुकानात गृहपाठ करायला येत होता.

पुढे ते पटापट बोलले. नोकरीची दोनच वर्षे राहिली आहेत. मंडळीत काय तोंड दाखवायचे. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू सही कर. उद्याचं मी बघतो. पाळकसाहेबांना सांगतो, याची वेळ अजून आलेली नाही. तुझ्या गोळ्यांना कुणी हात लावणार नाही."

मला मोह झाला. हो म्हणायला एक मिनिट पुरले असते आणि नाही म्हणायला अख्खी दुपार लागणार होती. त्या दिवसांत अख्ख्या दुपारीला पुरेल एवढे बळ माझ्यात नसायचे. पण मेहुणीची मुलगी त्या सीटवर बसून बस सुटायच्या आतच डबा खाऊन टाकते, हे मला नको तेव्हा आठवले.

"खरं सांगा काका, काय दिसतं?"

काकांनी डोळे चोळले. "सगळं पांढरं झालंय. सिग्नलसुद्धा पुढची गाडी थांबली की कळतो."

"आणि मला जे दर मंगळवारी शिकवत होता ते? देव दिसतो म्हणून?"

"तेही पाठच आहे रे," ते म्हणाले. "तुझी काकी गेल्यापासून. मोठ्यानं आमेन म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही."

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. मी टॉर्च घेऊन दोन्ही डोळे पाहिले, दोन्हींत मोतीबिंदू पिकत आलेला होता. मी सांगितले की हा काढता येतो, तासाभराचेही काम नाही. आमच्या धंद्यात 'दिसत नाही' हे सगळ्यात कामाचे उत्तर आहे, तिथून पुढे काहीतरी करता येते. 'दिसतं, दिसतं' म्हणणाऱ्याला कुणी काच देऊ शकत नाही. मी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, दाखल्याचा कागद फाडला आणि त्यांच्यादेखतच बसच्या मालकाला फोन करून सोमवारी दुसरा ड्रायव्हर बघायला सांगितले. काका चिठ्ठी खिशात घालून, मी विश्वासघातकी आहे असे पुटपुटत निघून गेले.

संध्याकाळी शटर ओढताना मी प्रभूची प्रार्थना म्हणू लागलो आणि मध्येच थांबलो. तो सूर मी ओळखला. वरपासून खालपर्यंत, कुठेही न अडखळता, डोळा झाकून. दुपारी खुर्चीतून ऐकला होता तोच. अख्ख्या मंडळीला नावे ठेवणारा मी, आठ महिने देवापुढे उभा राहून पाठ केलेला तक्ता म्हणत होतो.

मी कुलूप हातात धरून म्हणालो, "दिसत नाहीस."

मी पुन्हा म्हणालो, या वेळी चांगला चिडून. बायको पिशवी घेऊन शेजारीच उभी होती. तिने रस्त्याकडे पाहिल्यासारखे केले. घरी जाताना माझ्या लक्षात आले की जो नाहीच, त्याच्यावर माणूस एवढे चिडत नाही.

रविवारी माझे नाव पुकारले गेले. मी पुढे गेलो. मेजावर बशीत चष्मा होता आणि पाळकसाहेब गोळ्यांसाठी हात पुढे करून उभे होते, चेहऱ्यावर आधीच आनंद. मी खिशातून भरलेली स्ट्रिप काढली, त्यातली एक गोळी फोडली, तोंडात टाकली आणि पाळकसाहेबांसाठी ठेवलेल्या पेल्यातले पाणी प्यालो. पाणी कोमट होते.

"या चालू राहतील," मी म्हणालो. "आठ महिने मला देव दिसलेला नाही. तरी मी दर रविवारी आलोय, आणि पुढच्या रविवारीही येणार आहे. एवढीच साक्ष."

सगळी मंडळी सवयीने आमेनची वाट पाहू लागली. आमेन आले नाही. तिसऱ्या बाकावरून काका उठले. पुढे येताना बाकाच्या कोपऱ्यावर त्यांची मांडी आपटली. मेजाशी येऊन त्यांनी हाताने चाचपत बशी शोधली, चष्मा उचलला आणि सगळ्यांसमोर डोळ्यांवर चढवला. काचांवर तीन महिन्यांची धूळ होती. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्यातले मुसळ, हा धडा याच मेजापाशी उभे राहून त्यांनी कितीदा तरी वाचला होता. माझ्या जिभेवर ते आले होते, पण मी गिळले.

मी त्यांच्या नाकावरून चष्मा काढला, खिशातल्या फडक्याने दोन्ही काचा पुसल्या आणि परत चढवला. मग दिवसभर गिऱ्हाइकांना विचारतो तेच विचारले.

"आता?"

"धूसरच आहे," काका म्हणाले.

"मलाही," मी म्हणालो, आणि त्यांचा दंड धरून त्यांना बाकापर्यंत नेले.