रुंद पट्टीची डिस्क

माझ्या सुनेसाठी स्थळ मीच बघितलं. लोकांनी तोंडात बोटं घातली, घालू द्या. माझा लेक मंगेश तापानं गेला त्याला दुसरा पावसाळा उलटला होता आणि त्रिवेणी अजून तिशीच्या आत. चुडाव्याच्या माझ्या जाऊबाई म्हणाल्या, सिद्धम्मा, सुनेला अशी कुणी वाटेला लावतं का. मी म्हणाले, मग तुमच्या घरी न्या, जन्मभर सांभाळा. त्यांचा फोन पुन्हा आला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिचा भाऊ हरिओम पूर्णेहून जीप घेऊन आला होता. माहेरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथंच चार माणसांत लग्न लावायचं. पाव्हणे उदगीरचे, माणूस भला. पण त्रिवेणीनं आधी दोनदा ऐनवेळी पाय मागं घेतला होता. पाव्हण्यांनी साफ सांगितलं होतं, आता नाही तर कधीच नाही.

बॅगा जीपमध्ये पडल्या आणि त्रिवेणी म्हणाली, आत्याबाई, एक काम राहिलंय. म्हणाली आणि दुकानात शिरली.

दुकान म्हणजे आमच्या राणीसावरगावच्या घराची रस्त्याकडची खोली. मंगेश तिथं कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, गावातल्या पोरांना शिकवायचा, त्रिवेणी त्याच्या हाताखाली. त्याचा पहिला कॉम्प्युटर चांगला पेटीएवढा, पण तो त्यानं कधी भंगारात घातला नाही. शिकवतानाचे मोबाइलवर काढलेले सगळे व्हिडिओ त्याच्याच जुन्या डिस्कमध्ये ठेवायचा. त्रिवेणीला ते उतरवून घ्यायचे होते.

हरिओम ओट्यावर एक चहा प्याला, मग दुसरा. आत मशीन घुरघुरत होतं. मी डोकावले तर पडद्यावर हिरवी रेघ मुंगीच्या चालीनं सरकायलेली. किती वेळ, विचारलं, तर म्हणाली, संध्याकाळ होईल.

मला लिहायला-वाचायला बेतानंच येतं. पण त्या दाराशी बसून मी इतकी वर्षं डाळी निवडल्या, त्या काही कान बंद ठेवून नाही. जुन्या डिस्कची केबल म्हणजे चार बोटं रुंद पट्टी, चाळीस टोकांची. नवीची केबल करंगळीहून बारीक, सातच टोकांची. पोरं म्हणायची, सर, मग रुंदीतून जास्त जायला पाहिजे. मंगेश म्हणायचा, तुमच्या आया खुरपायला जातात ना, त्यांची पात बघा. दहा बायका एका ओळीत. एक मागं पडली की सगळ्यांना थांबावं लागतं. रुंद पट्टीत तसंच, सगळ्या तारांनी एकदमच पोचायचं. बारीक केबलीत एकटी बाई, तिला कुणासाठी थांबणं नाही, ती पळत सुटते. जुनी सेकंदाला फार तर एकशे तेहतीस एमबी, ते बी कागदावर. नवी सहाशे. आणि आता केबलीशिवाय थेट बोर्डावर बसते ती, च्युइंगमच्या पट्टीएवढी, तिचा हिशेब हजारात.

पण ह्या सगळ्यांहून हळू काही असेल तर त्या पेटीचा पुढचा यूएसबी पोर्ट. तिथं पेनड्राइव्ह लावला की सेकंदाला एक एमबी जायची मारामार. म्हणून मंगेश तिथं कधी लावायचाच नाही. डिस्क काढायची, तिला अडॅप्टर जोडायचा, अडॅप्टर लॅपटॉपला, की चहा होईतो काम खलास. तो अडॅप्टर समोर फळीवर पडला होता. त्रिवेणी त्याच्याकडं पाठ करून बसली होती आणि पेनड्राइव्ह लावला होता पुढच्या पोर्टात.

मला लगेच उमजलं. संध्याकाळ झाली की हरिओम म्हणणार, उद्या सकाळी निघू. सकाळी हिचं डोकं दुखणार. तिकडं पाव्हणे उठून जाणार.

आणि घडीभर माझ्याच मनात आलं, होऊ दे तसं. एवढ्या घरात मी एकटी. राहिली तर राहिली. हे मी कुणाजवळ बोललेली नाही, इथं सांगितलं तेवढं बस.

मग मी अडॅप्टर उचलला आणि तिच्या पुढ्यात आपटला.

"हे काय शोभेला ठेवलंय?"

ती हिरव्या रेघेकडंच बघत राहिली.

"रोज तूच लावायचीस की. मला खुळी समजायलीस का?"

"मशीन जुनं हाय, आत्याबाई. काढताना डिस्क बिघडली म्हंजे?"

"बिघडू दे. माणूस गेलं तिथं डिस्कचं काय घेऊन बसलीस? आणि नव्या घरात मंगेशचा आवाज घेऊन जाणारेस व्हय? त्या माणसानं कुठं बघावं?"

तेव्हा तिनं मान वर केली. "मी न्हाई नेत. माझ्या फोनमधलं बी सगळं पुसलंय. हे तुमच्यासाठी काढायलेय. मी गेल्यावर हे मशीन तुमाला कोण चालू करून देणार?"

मी आपटलेला अडॅप्टर उचलून पदरानं पुसला.

ती हळूच म्हणाली, सावकाश लावलं म्हणजे एकेक व्हिडिओचं नाव दिसतं, तेवढं बघून घेतेय. मी स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले. दोन-तीन नावं मीही बघितली, मला काही वाचता आली नाहीत. बाहेर हरिओमनं हॉर्न दिला.

"बस झालं आता, पोरी," मी म्हणाले. "लाव ते."

तिनं मशीन बंद केलं, मंगेशच्याच पेचकसानं डिस्क काढली, अडॅप्टर जोडला. आता नावं अशी भरभर गेली की तिलाही वाचता येईनात. बघता बघता सरली. मग तिनं ते सगळं माझ्या फोनमध्ये घातलं, कुठल्या चित्रावर बोट ठेवायचं ते दाखवलं. पाया पडली. मी तिच्या कपाळाला विभूती लावली आणि हरिओमवर तोंड सोडलं, की फुकटचा चहा पीत बसलास, बॅगा तरी नीट बांधायच्या. कुणावर तरी तोंड सोडायलाच हवं होतं. जीप गेली.

मी दुकानात येऊन मंगेशच्या खुर्चीत बसले आणि चित्रावर बोट ठेवलं. मंगेश आला, हातात डिस्क धरून बोलायला लागला. त्याची मी तयारी केली होती. मन घट्ट करून बघत राहिले.

तेवढ्यात फोनमागून कुणीतरी खुदकन हसलं. मंगेश म्हणाला, हलवू नको ना, नीट धर. मग पुन्हा हसू. फोन धरणारी त्रिवेणीच, प्रत्येक व्हिडिओत. तोंड कुठंच नाही, हसणं मात्र जागोजागी.

मंगेशसाठी मी रडून घेतलं होतं. त्या दुपारी मला जित्या माणसासाठी रडू आलं. जीप अजून गंगाखेडच्याही अलीकडंच असेल. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप लागायला लागला. बंद कसं करायचं, तेवढं त्रिवेणी सांगायची राहिली होती.