अमीनच्या खेळांचा रस्सा

मित्रांनो, मी रस्सीखेचीचा एक जुना रस्सा आहे. ताजबीचाचींच्या माळ्यावर वेटोळं होऊन पडलो आहे. उंदरांनी मला जागोजागी कुरतडलं आहे. एके काळी दोन्हीकडचे गडी टाचा रोवून मला ओढायचे, तरी माझा एक पेडसुद्धा सुटायचा नाही. आज तुम्ही मला ओढायला घेतलंत, तर मी मधेच तुटेन.

माझा जन्म एका मरणामुळे झाला. गारगोटीजवळच्या आमच्या गावात मीरासाब पिंजारी आणि ताजबी यांचा एकुलता एक मुलगा होता, अमीन. सायकली दुरुस्त करायचा. रस्सीखेचीत तो सगळ्यांच्या मागे, दोर कमरेला गुंडाळून उभा राहायचा. एकोणीसशे एकोणसत्तरच्या पावसाळ्यात त्याच्या मित्राची, जोतीरामची, बायको बाळाबाई अडली. सुईणीनं हात टेकले. ओढा दुथडी भरलेला, त्यावर साकव नाही. जोतीराम बायकोजवळ थांबला आणि पलीकडच्या नर्सबाईंना आणायला अमीन पाण्यात उतरला. तो पलीकडे पोचलाच नाही. त्याच दिवशी बाळाबाईला मुलगी झाली, मायलेकी वाचल्या. अमीन सापडला तो पाणी ओसरल्यावर, खालच्या बंधाऱ्यापाशी.

पुढे एक दिवस जोतीराम मीरासाबचाचांच्या उंबऱ्यावर येऊन बसला.

"चाचा, तुमचा ल्योक माझ्यापायी गेला. त्याच्या नावानं ओढ्यावर साकव बांधूया. दरसाल खेळ ठिवायचं. जो संघ खेळाय येईल, त्यानं गाडीभर दगुड आणायचं."

चाचांनी पिंजायचा कापूस बाजूला सारला आणि म्हणाले, "रस्सीखेच लई आवडायची त्याला. रस्सा मी देतो."

गावातल्या पिराजीनं घायपाताचा चांगला वाख काढून मला वळलं. वळताना माझं एक टोक चाचांनी स्वतः धरलं होतं. त्यांच्या तळहाताची सालं निघाली, पण त्यांनी ते दुसऱ्या कुणाला धरू दिलं नाही.

सुगी संपल्यावर माळावर पहिले खेळ झाले. आसपासच्या गावांतून दगडांच्या गाड्या आल्या. पळण्याच्या शर्यती झाल्या, कबड्डी झाली, बायकांनी संगीतखुर्ची खेळली. ताजबीचाची दिवसभर खेळाडूंना पाणी देत होत्या. शेवटी मला मैदानात आणलं, तेव्हा माणसं झाडांवर चढून बसली. जिंकलेला गडी मला थोपटत म्हणाला, "असला रस्सा तालुक्यात न्हाय." मित्रांनो, मी तेव्हा फार सुखावलो. पुढच्या उन्हाळ्यात तरण्या पोरांनी अंगमेहनतीनं साकवाचे दोन खांब उभे केले.

आणि मग चावडीवर एक बैठक झाली. कुणीतरी विचारलं, "साकव साऱ्या गावाचा, मग नाव एकट्या अमीनचं कशाला?" एकानं देवीचं नाव सुचवलं, दुसऱ्यानं आपल्या वडिलांचं. सगळे जोतीरामकडे बघू लागले. तो खाली बघत म्हणाला, "काय बी नाव द्या. काम झाल्याशी मतलब."

चाचा उठले, पायात वहाणा सरकवल्या आणि घरी आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

साकवाचं काम तिथेच थांबलं. वर्षभरात जोतीरामला वारणानगरच्या साखर कारखान्यात नोकरी लागली. बायको आणि मुलगी घेऊन तो तिकडच्या वसाहतीत गेला. ओढ्याकाठचे दगड हळूहळू कमी झाले. कुणाच्या गोठ्याला लागले, कुणाच्या कुंपणाला. पुरात एक खांब कलला. खेळांना आधी पाचसहा गावं येत, मग एखादं, मग नुसती शाळेची पोरं, मग तीही नाहीत. चाचा मात्र दरसाल मला उन्हात वाळवून माळावर नेत राहिले.

शेवटच्या साली त्यांनी एकट्यानंच चुन्याची रेघ मारली आणि मला सरळ अंथरलं. ताजबीचाची म्हणाल्या, "कोण येनार हाय आता? घरला चला."

"येतील की. ऊन उतरू दे."

ऊन उतरलं. रस्त्यावर एसटी थांबली आणि जत्रेसाठी गावी आलेला जोतीराम उतरला. सोबत त्याची मुलगी होती, दहाएक वर्षांची. ती धावत आली आणि तिनं माझं टोक उचललं. किती दिवसांनी मला एक कोवळा हात लागला!

"आजोबा, ओढू?"

चाचांनी दुसरं टोक धरलं. "ओढ, पोरी."

"कसलं खेळ हाईत ह्ये?"

"अमीनचं."

तिनं बापाकडे वळून विचारलं, "अण्णा, अमीन कोन?"

जोतीरामनं एकदा चाचांकडे पाहिलं, एकदा ओढ्याकडे. "हुता गावातला एक जण," तो म्हणाला. "चल, जत्रंला उशीर हुतोय."

मुलीनं माझं टोक खाली टाकलं. बापलेक निघून गेले. चाचा आपलं टोक धरून कितीतरी वेळ तसेच उभे होते. ताजबीचाचींनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

पुढच्याच पावसाळ्यात चाचा गेले. ओढा तसाच आहे, माणसं अजून पाण्यातूनच जातात.

मित्रांनो, मला कुणी सांभाळलं नाही, याबद्दल मी काही म्हणत नाही. वाख आज ना उद्या कुजणारच. पण कुणाच्या नावानं काही सुरू कराल, तर तो माणूस कोण होता, हे आपल्या लेकरांना सांगत जा. जोतीरामची ती मुलगी आता मोठी झाली असेल. कुठे भेटली, तर तिला तेवढं सांगा.